डाव्या हाताचे अकरा चिरे

दादांचं एक वाक्य बोलायचं राहून गेलं होतं. थोडंथोडकं नाही, चोवीस वर्षं. वाक्य काही फार मोठं नव्हतं. चहा निवायच्या आत बोलून झालं असतं. पण काही माणसं अशी असतात की त्यांना डोंगर फोडायला सांगा, कंबर कसून उभी राहतील. 'माझं चुकलं' एवढं म्हणायला सांगा, की दातखीळ बसते. दादा त्यातले. डोंगर तर त्यांनी खरोखरीच फोडला होता, कारण ते पाथरवट होते.

ज्याच्यापाशी हे वाक्य बोलायचं होतं तो त्यांचा धाकटा भाऊ, त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. डावखुरा म्हणून घरीदारी त्याला डावऱ्या म्हणायला लागले, आणि पुढे त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टात उरलं. डावऱ्या चोवीस वर्षांपूर्वी घर सोडून परदेशी गेला, तिथल्या एका फार जुन्या, फार मोठ्या चर्चच्या डागडुजीच्या कामावर लागला आणि तिथलाच झाला. यंदा त्यानं दोन तिकिटं पाठवली. वहिनींनी बॅगा भरल्या आणि दादांना विमानात नेऊन बसवलं. वहिनी म्हणजे दादांची बायको. डावऱ्या त्यांना वहिनी म्हणे, ते ऐकून अख्खी गल्ली म्हणायला लागली, आणि आता दादांच्याही तोंडून कधी कधी 'वहिनींना विचारा' असं निसटून जायचं.

मुक्काम दहा दिवसांचा होता. त्यातले आठ 'हवा बरी आहे' आणि 'भाजी छान झालीय' यातच गेले. रोज सकाळी दादा ठरवत, आज बोलायचं. रोज रात्री उशीला डोकं टेकवताना वहिनी विचारत, "झालं?" आणि दादा कूस बदलत.

नवव्या दिवशी सकाळी डावऱ्या अंघोळीला गेलेला पाहून वहिनींनी दादांना स्वयंपाकघरात गाठलं. स्वयंपाकघर केवढं, तर दोघं समोरासमोर उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. त्यामुळे पळायला वाट नव्हती.

"आज तरी बोलणार आहात का? की विमानात बसल्यावर मला ऐकवणार?"

"बोलतो ना. वेळ आली की बोलतो."

"वेळेनं काय आधी चिठ्ठी पाठवायची असते?"

"अगं, एकदम कसं बोलायचं? काहीतरी निमित्त नको का?"

"आज तो तुम्हाला त्याचं काम दाखवायला नेतोय. याहून मोठं निमित्त कुठून आणू मी?" वहिनींनी कपबश्या विसळून पालथ्या घातल्या. "मी त्याला बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून वाढवलंय. त्याचं तोंड बघून मला कळतं. तोही वाट बघतोय."

दादांना खोकला आला. दगडाच्या भुकटीनं छाती धरलेली होती हे खरं, पण अडचणीचा विषय निघाला की हा खोकला जरा जास्तच हाकेला धावून येई.

दादांचं आयुष्य सगळं दगडात गेलं. वडील गेले तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे. घरामागचं पत्र्याचं आवार, आठ कामगार, नुकती लग्न होऊन आलेली बायको आणि तेरा वर्षांचा भाऊ, एवढं सगळं एका दिवसात अंगावर आलं. दादांनी ते पेललं. दगडाची त्यांना उपजत जाण होती. चिऱ्यावर हातोडी हलकेच वाजवायची आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत चीर आहे म्हणून सोडून द्यायचा. ही सवय पुढे इतकी वाढली की बाजारात माठ, कलिंगड, दाराची फळी, जे दिसेल त्यावर ते बोट वाजवून बघत. लेकीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा मुलाच्या पाठीवर थाप मारून क्षणभर कानोसा घेतला, असं वहिनी सांगतात. त्यात मीठमसाला किती ते त्या जाणोत. जावई मात्र चांगला निघाला.

शिस्तही तशीच कडक. त्यातला एक नियम त्यांना वडिलांकडून मिळालेला: एका भिंतीत टाकीच्या रेघा एकाच अंगाला झुकल्या पाहिजेत. चिऱ्याचं तोंड टाकीनं घडवताना त्यावर तिरप्या बारीक रेघा उमटतात. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा एकीकडे झुकतात, डावखुऱ्याच्या बरोबर उलट. ऊन तिरपं पडलं की उलट रेघांचा चिरा भिंतीत उठून दिसतो, असं वडील म्हणत. म्हणून डावऱ्यानं टाकी हातात धरली त्या दिवसापासून दादांनी त्याचा हात बदलायला घेतला. धाकानं बदलला, प्रेमानं बदलला, एकदा तर डावा हात कमरेला बांधूनही बदलून बघितला. उजव्या हातानं डावऱ्याचं काम ओबडधोबडच होई. मग त्याला पायऱ्या, पाटे-वरवंटे, भिंतीच्या आतली भर, असली कामं मिळत. तो तीही मुकाट्यानं करी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं दादा त्याला ऐकवत. पण घाव सोसूनही काही आलं नाही की माणसानं काय करायचं, हे ती म्हण सांगत नाही.

मग वाचनालयाचं काम आलं. दर्शनी भिंत सगळी घडीव दगडाची, दादांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. आणि ऐन भरात दादा टायफॉइडनं आडवे झाले. तीन आठवडे अंथरुणात. काम थांबवता येईना. डावऱ्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. बघायला कुणी नव्हतं, त्यानं टाकी उजव्या हातात घेतली आणि हातोडी डाव्यात. तीन आठवड्यांत त्यानं अकरा चिरे घडवले.

दादा उठून काठी टेकत आवारात आले, तेव्हा ते अकरा चिरे ओळीनं मांडून ठेवलेले होते. दादांनी एकेकावरून तळवा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग आठ कामगारांसमोर म्हणाले, "हे हात दाखवून अवलक्षण करायला कुणी सांगितलं होतं तुला?" आणि त्या चिऱ्यांची मागची बाजू दुसऱ्या माणसाकडून घडवून घेतली, ती बाहेर काढली आणि डावऱ्यानं घडवलेली तोंडं आत घालून, वर चुना ओतून, ते चिरे भिंतीत बसवून टाकले. डावऱ्या उभा राहून बघत होता. महिनाभरानं तो गेला.

त्यानंतर त्याचा फोन यायचा. दादा उचलत, "बरा आहेस ना?" विचारत, आणि उत्तर यायच्या आत "हं, वहिनीशी बोल" म्हणून फोन पुढे करत. आपलं चुकलं हे त्यांना पहिल्या वर्षातच कळलं होतं. एवढा कडक व्हायला नको होतं, चारचौघांत तसं करायला नको होतं, असं ते वहिनींपाशी कबूलही करत. नियम मात्र नियमच, एवढं शेपूट त्याला जोडत. त्या नियमामागे आणखी काही होतं का, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आली की खोकला येई.

तिघं निघाले तेव्हा दहा वाजले होते. डावऱ्याची बायको तिथलीच. ती सकाळीच आपल्या कामावर गेली होती. तिला वहिनींची भाषा येत नव्हती आणि वहिनींना तिची, तरी दोघींचं गूळपीठ जमलं होतं, कदाचित म्हणूनच जमलं असावं. रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना चार-चार मजली घरं, खाली पावाची, चष्म्याची, फुलांची दुकानं. एका वळणावर घरं एकदम संपली, आणि समोर ते उभं राहिलं.

वहिनी "अगं बाई!" म्हणाल्या आणि त्यांचा हात आपोआप छातीशी गेला. दोन मनोरे ढगांत घुसल्यासारखे. मधे एवढं मोठं दार, की आपल्याकडची दुमजली घरं त्यातून सरळ आत न्यावीत. दारावर कमानीत कमान, कमानीत कमान, आणि प्रत्येकीत माणसं, पाखरं, वेली, सगळं दगडाचं. चौकात दोन-तीनशे माणसं उभी होती आणि झाडून सगळी माना वर करून बघत होती. एकटे दादा खाली बघत होते. ते थेट जोत्यापाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि दोन चिऱ्यांच्या सांध्याला डोळा लावला. मग डावऱ्यानं नुकतंच काढलेलं तिकीट खिशातून काढून त्यांनी सांध्यात सरकवून बघितलं. ते गेलं नाही.

"साडेआठशे वर्षं?" त्यांनी विचारलं.

"हा भाग थोडा जास्तच," डावऱ्या म्हणाला.

"आणि अजून तिकीट जात नाही." दादांनी चुरगळलेलं तिकीट सरळ केलं. "माणसं होती ही."

आत गार होतं आणि शांत होतं. माणसं असूनही शांत. खांब वर जात जात जिथे एकमेकांना भेटत होते तिथपर्यंत नजर नेताना मान अवघडत होती. रंगीत काचांतून ऊन येऊन जमिनीवर निळे-तांबडे तुकडे पडले होते आणि एक लहान मुलगी एका तुकड्यातून दुसऱ्यात उड्या मारत होती. वहिनींनी समोर बघून हात जोडले, मग लगेच एका बाकावर बसून घेतलं.

"देव कुणाचा का असेना," त्या म्हणाल्या, "बसायला बाक दिलेत हे फार बरं केलं. तुम्ही दोघं फिरून या. माझे गुडघे इथेच दर्शन घेतील." आणि दादांकडे बघून त्यांनी डोळे मोठे केले.

दोघं भाऊ निघाले. दादा खांबांवरून नजर हटवेनात. एवढं वर कसं नेलं असेल, किती माणसं लागली असतील, किती बोटं चेंगरली असतील, असं सगळं त्यांच्या मनात येत होतं. डोळ्यांत पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी ते धुळीवर ढकललं. धूळ तिथे औषधालाही नव्हती.

"तुझं काम कुठं आहे यात?" त्यांनी विचारलं.

"आहे इथे-तिथे. ओळखू येऊ नये अशीच आमची नोकरी आहे, दादा. खाण तीच, हत्यारं तशीच. नवा दगड जुन्यात मिसळून गेला, की मुकादम खूश."

"मी ओळखतो," दादा म्हणाले. "तू सांगू नकोस."

त्यांच्या आवाजाला एकदम धार आली. कारण त्यांना निमित्त सापडलं होतं, आणि निमित्त कसलं, पळवाटच सापडली होती. आपण याचा चिरा शोधायचा, मनापासून वाखाणायचा, पोटभर कौतुक करायचं. एवढं कौतुक केलं की माफी त्यात आलीच. वेगळं बोलायला नको, मान खाली घालायला नको. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

डावऱ्या त्यांना बाजूच्या एका दाराशी घेऊन गेला. तिथून वरच्या सज्जाकडे जाणारा जिना होता आणि जिन्याला लागून एक लांबलचक भिंत, पुरुषभर उंचीपर्यंत साध्या घडीव चिऱ्यांची. पाऊस-वारा कधी न लागलेली, दोन वर्षांपूर्वी काजळी पुसून स्वच्छ केलेली. सगळेच चिरे काल घडवल्यासारखे दिसत होते.

दादांनी चष्मा काढून खिशात ठेवला. डोळ्यांचं हे काम नव्हतंच. त्यांनी भिंतीला तळवा टेकवला, डोळे मिटले आणि हात सरकवत पुढे जायला लागले. रेघा, रेघा, रेघा, सगळ्या एका अंगाला. दहा पावलं, पंधरा पावलं. आणि मग मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरावा तसं झालं. दादा थांबले. तळवा मागे घेऊन पुन्हा फिरवला. उलट्या रेघा. दाट, सारख्या खोलीच्या, काठाशी येऊन अलगद थांबलेल्या.

"हा!" दादा एवढ्या मोठ्यानं ओरडले की जिन्यावरची दोन माणसं वळली. "हा तुझा! हजारात ओळखीन मी. काय काम केलंयस रे! हा काठ बघ, आपल्या बापाला जमला नसता असा धरलायस. आणि इथे, इथे दगडात गाठ होती, हो ना? इथे हात हलका केलायस तू. हे शिकवून येत नाही कुणाला. हे हातातच असावं लागतं."

लांबून एक पहारेकरी बोट हलवत तरातरा आला. भिंतीला हात लावायची मनाई होती. डावऱ्यानं गळ्यातलं कार्ड दाखवून काहीतरी सांगितलं. पहारेकरी हसला, दादांना मान लववून निघून गेला. दादांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते चिऱ्यावर हात ठेवून उभे होते आणि त्यांना फार मोकळं वाटत होतं. सुटलो, असं त्यांना वाटलं.

"दादा," डावऱ्या हळूच म्हणाला, "हा माझा नाही."

"नाही कसा? रेघ बघ ना, डाव्या हाताची आहे."

"डाव्याच हाताची आहे. पण हा बसवला तेव्हा आपल्या घराण्यात टाकी कुणी धरलीसुद्धा नसेल. हा पहिल्यापासूनचा आहे. साडेआठशे वर्षांपूर्वी इथे कुणीतरी डावखुरा कामाला होता."

दादांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं. ज्या गृहस्थाला उभ्या आयुष्यात डावा हात बघवला नाही, त्यानं परक्या मुलखात येऊन कधीच माती झालेल्या एका डावऱ्याची पाठ थोपटली होती. आणि सख्ख्या भावासाठी जपून आणलेलं सगळं कौतुक त्यालाच देऊन टाकलं होतं.

डावऱ्याला हसू आवरेना. "आम्ही त्याला आजोबा म्हणतो. त्याचे चाळीस चिरे आहेत या भिंतीत. मी मोजलेत. याच आजोबांनी मला कामाला लावलं. मी इथे आलो तेव्हा सहा वर्षं नुसती हमाली केली, टाकीला हात लावला नाही. तेव्हा वरून पाणी झिरपून त्याचे सात चिरे फुटले होते. बदलायला जो तो बसला, पण उजव्या हाताच्या माणसाला ती रेघ साधेना. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत एका फुटक्या तुकड्यावर टाकी चालवून बघत होतो, ते मुकादमानं पाहिलं."

"म्हणजे सात चिरे तुझे आहेत इथे."

"सात इथे. पुढे बाहेरही बरेच."

समोरच्या उंच खिडकीतून ऊन आत सरकलं होतं आणि भिंतीवर तिरपं पडलं होतं. वडिलांनी सांगितलेलं ते ऊन, ज्यात डावा चिरा उघडा पडतो. दादा दोन पावलं मागे सरले आणि सगळी भिंत एकदम त्यांच्या नजरेत आली. एका अंगाला झुकलेल्या रेघांचे चिरे, त्यांच्या मधे मधे उलट्या रेघांचे. दिसत होतं, लपत नव्हतं. आणि वाईट काहीच नव्हतं त्यात. उलट नजर एका चिऱ्यावरून दुसऱ्यावर जाताना जरा थबकत होती, रमत होती.

"त्याला कुणी सांगितलं नसेल?" दादांनी विचारलं.

"काय?"

"की रेघ एकाच अंगाला पाहिजे म्हणून."

डावऱ्यानं खांदे उडवले. "सांगितलंही असेल. मग मिस्त्रीनं हात फिरवून बघितला असेल आणि म्हणाला असेल, चिरा चांगला आहे, लावा."

दादांना खोकला यायला हवा होता. त्यांनी वाटही पाहिली त्याची. आला नाही.

"तुझे अकरा चिरे मी तोंड आत घालून बसवले," ते म्हणाले.

"जाऊ दे रे दादा. किती वर्षं झाली त्याला. आणि तुझा नियम होता."

"नियम होता. पण मी नियमासाठी नाही वळवले." आता दादा थांबणार नव्हते. "मी अंथरुणातून उठून आलो. तुझ्या चिऱ्यांवरून हात फिरवला. शेजारी माझे मांडून ठेवलेले होते. तुझे चांगले होते. माझ्याहून चांगले होते. पंचवीस वर्षं मी टाकी धरलेली, आणि तू तीन आठवड्यांत मला मागे टाकलंस. मला ते सहन झालं नाही. लोकांनी वाचनालयासमोर उभं राहून तुझे चिरे बघितले असते. तुझ्या रेघा सरळ असत्या ना, तरी मी काहीतरी खुसपट काढलं असतं. जळलो मी तुझ्यावर. माझं चुकलं."

डावऱ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. बावन्न वर्षांचा माणूस, कानाशी केस पांढरे झालेले. पण त्यानं मान वर करून विचारलं तेव्हा दादांना तो तेरा वर्षांचा दिसला.

"चांगले होते?"

"चांगले होते."

"खरंच?"

"अकराच्या अकरा."

डावऱ्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. "मला वाटायचं, खरंच वाईट होते," तो म्हणाला. "तू रागावलास त्याचं मला काही नव्हतं. तू रागवायचासच. पण तू हात फिरवलास, एवढा वेळ फिरवलास, आणि मग आत घातलेस. मला वाटलं, याला दगड कळतो. याला दिसलं असेल काहीतरी, जे मला दिसत नाहीये." त्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "इथे मी अजून एकसुद्धा चिरा मुकादमाला विचारल्याशिवाय उचलत नाही. अठरा वर्षं तोच माणूस, तेच उत्तर. बरा आहे ना, बरा आहे ना. पोरं हसतात मला, नक्कल करतात. पण विचारल्याशिवाय माझा हातच उचलत नाही रे."

दादा त्याच्याशेजारी पायरीवर बसले. अकरा चिऱ्यांचं आपलं चुकलं, एवढंच ते इतकी वर्षं धरून बसले होते. ते तर त्यानंतरच्या प्रत्येक चिऱ्याचं निघालं. त्यांना रडू आलं. या खेपेला त्यांनी ते धुळीवर ढकललं नाही. डावऱ्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, डावाच, आणि येणारी-जाणारी माणसं दोघांना वळसा घालून जिना चढत राहिली.

बाकापाशी परतले तेव्हा वहिनींनी दोघांचे डोळे बघितले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," दादा म्हणाले.

"मग एवढा वेळ? पाय आखडले माझे." असं म्हणून त्यांनी डावऱ्याचा हात धरून उठायचं निमित्त केलं आणि तो हात बराच वेळ सोडला नाही.

घरी जायच्या आधी डावऱ्यानं दोघांना मागच्या आवारात नेलं. चर्चच्या पाठीशी कुंपण घालून केलेली कामाची जागा होती ती. वर पत्रे, खाली ओली भुकटी, कोपऱ्यात पाण्याचा नळ, भिंतीवर आकारानं लावलेल्या टाक्या. वास अगदी घरच्या आवाराचा होता. दादांनी तो नाक भरून घेतला. मधल्या लाकडी ठोकळ्यांवर एक नवा चिरा होता, तोंड वर करून. डावऱ्यानं काल संपवलेला, उद्या सकाळी पहिला चढवायचा.

"एवढा पट्टा बांधून ठेवतो, म्हणजे उद्या घाई नको," डावऱ्या म्हणाला. त्यानं जाड पट्टा आणला तेवढ्यात मुकादम आला. गोल पोटाचा, चष्मा कपाळावर चढवलेला, साठीचा माणूस. त्यानं वहिनींना आणि दादांना हसून मान लववली आणि सवयीनं चिऱ्यापाशी येऊन उभा राहिला. डावऱ्याकडे बघत थांबला. दोन पोरं कोपऱ्यात हातातलं काम सोडून, एकमेकांना कोपरानं ढोसत, आता तो विचारणार म्हणून वाट बघत उभी राहिली.

डावऱ्यानं पट्टा चिऱ्याखालून सरकवला. दादांनी पलीकडून तो ओढून घेतला. डावऱ्यानं दोन्ही टोकं वर आणली, कडीत अडकवली, ताण बघितला. विचारलं काहीच नाही.

मुकादमानं चष्मा डोळ्यांवर ओढला, चिरा बघितला, दादांना बघितलं, आणि डावऱ्याला काहीतरी विचारलं. डावऱ्यानं दोन शब्दांत उत्तर दिलं.

"काय म्हणतो?" दादांनी विचारलं.

"म्हणतो, आज तू गप्प कसा?"

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, दगड बरा आहे."

दादांनी चिऱ्याच्या तोंडावरून तळवा फिरवला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत.

"बरा नाही," ते म्हणाले. "चांगला आहे. चांगला आहे म्हणून सांग त्याला."

डावऱ्यानं मुकादमाला त्याच्या भाषेत तसं सांगितलं.